पत्ती म्हणजे काय?

आदिलाबादेत कुणी 'सीसीआय' म्हटलं की बोलणाऱ्याचं वय आणि चालू महिना, दोन्ही बघावे लागतात. जुन्या माणसाच्या मनात सिमेंटचा कारखाना असतो: सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद पडलेला आणि दर निवडणुकीत पुन्हा सुरू होऊ घातलेला. दिवाळीच्या आसपास मार्केट यार्डात कापसाची गाडी लावून बसलेल्या शेतकऱ्याची सीसीआय निराळी. ती कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, १९७० साली स्थापन झालेली, हमीभावाने कापूस घेणारी. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की ती पैसे कापते, १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी माघारी धाडते.

चहाच्या टपरीवर यामुळे कुणाचा गोंधळ होत नाही. माणसाला संदर्भ दिसतो. संगणकाला यार्ड दिसत नाही, गाडी दिसत नाही, बोलणाऱ्याच्या डोक्यावरचा रुमालही दिसत नाही. त्याच्यापुढे तीन अक्षरं येतात आणि तेवढ्यावर त्याला ठरवायचं असतं.

शब्दांच्या बाबतीत हा जिल्हा फार श्रीमंत आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी, बाजारात तेलुगू, निजामाच्या काळातल्या कागदांत उर्दू, डोंगराकडे गेलं की गोंडी आणि कोलामी. अशा ठिकाणच्या एखाद्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, 'पत्ती' हा शब्द घ्या. तेलुगूत पत्ति म्हणजे कापूस. मराठी फिटरच्या तोंडी पत्ती म्हणजे धातूची पातळ पट्टी, एखादं ब्लेड. मुनिमाच्या वहीत पत्ती म्हणजे भागीदारीतला हिस्सा, म्हणून तर भागीदाराला पत्तीदार म्हणतात. आणि ऑफिसच्या किरकोळ खर्चात चहापत्ती असतेच. आता या जिनिंगने उत्पादनाचं सॉफ्टवेअर घेतलं आहे आणि स्टोअरवाल्याने शोधाच्या चौकटीत 'पत्ती' असं टाइप केलं आहे. कच्चा माल, सुटा भाग, भांडवल की चहा?

उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमधली पहिली पायरी याच प्रश्नाची आहे. तिला 'आयटम मास्टर' म्हणतात. कारखान्यात येणाऱ्या, बनणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूची एक, आणि एकच, नोंद. तिच्यात कोड असतो, वर्णन असतं, मोजण्याचं एकक असतं, वस्तू विकत आणायची की घरी बनवायची ते असतं, पुरवठादार आणि माल यायला लागणारे दिवस असतात. कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच ते बहुतेक ठिकाणी नव्याने लागलेल्या मुलाकडे सोपवलं जातं, आणि पुढची दहा वर्षं सगळा कारखाना त्या मुलाच्या स्पेलिंगवर चालतो. 'बेरिंग ६२०५', '६२०५ बेअरिंग' आणि 'बेरींग-६२०५' अशा तीन नोंदी झाल्या की कपाटात आठ बेरिंग असताना पडद्यावर शून्य दिसतं आणि माणूस मोटारसायकल काढून बाजारात जातो.

कोडात अर्थ भरावा की भरू नये, यावर कारखान्यांच्या जगात जुनं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, कोड वाचताच कळलं पाहिजे: पहिली दोन अक्षरं विभागाची, मग धातू, मग व्यास. दुसरा पक्ष म्हणतो, नुसता चालू क्रमांक द्या, बाकी सारं वर्णनात लिहा. मी दुसऱ्या पक्षाचा. अर्थवाही कोड पहिली दोन वर्षं देखणे दिसतात. मग विभाग बदलतो, धातू बदलतो, व्यासाला दिलेल्या दोन आकड्यांत तिसरा मावत नाही आणि कोड उघड खोटं बोलू लागतो. वहीचा काळ वेगळा होता. तिथे कोडावरूनच पान शोधायचं असल्याने कोडात अर्थ लागायचा. शोधायला यंत्र आलं, तशी ती गरज सरली.

एककाचा घोळ याहून खोल. शेतकरी कापूस विकतो क्विंटलने. जिनिंग-प्रेसिंगमधून रुईची गाठ निघते ती १७० किलोची. त्याच रुईचा भाव व्यापारी बोलतात खंडीला, आणि खंडी म्हणजे ३५५.६ किलो, इंग्रजी अमदानीतल्या ७८४ पौंडांची सावली. एका खंडीत २ गाठी आणि वर थोडी रुई. ही तिन्ही मापं एकाच फाटकातून रोज ये-जा करतात. सॉफ्टवेअरला त्याचं वावडं नाही, रूपांतराचा दर एकदा भरला की झालं. अट इतकीच की साठा कोणत्या एककात धरायचा ते आधी ठरवायला हवं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं आणि जगभर वापरलं जाणारं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर तर एकदा व्यवहार सुरू झाले की वस्तूचं मूळ एकक बदलूच देत नाही. वापरणारे यावरून चिडतात. पण हंगामाच्या मध्यावर किलोची गाठ झाली तर मागचे सगळे आकडे कोणत्या मापातले समजायचे?

गाठीवर आणखी एक क्रमांक असतो, प्रेसचा चालू नंबर. व्यापारात त्याला पी. आर. नंबर म्हणतात. हा आयटम कोड नव्हे. आयटम कोड सांगतो कोणत्या जातीची वस्तू, पी. आर. नंबर सांगतो त्यातली नेमकी कोणती. सूतगिरणीने गाठ फोडली आणि आत प्लॅस्टिकच्या सुतळीचे धागे निघाले, तर तक्रार या दुसऱ्या नंबराने येते. दोन्ही एकाच रकान्यात कोंबणारे कारखाने असतात. त्यांची वस्तूंची यादी दर दिवशी शेकड्याने वाढते आणि शेवटी ती कुणीच उघडत नाही.

वस्तूंना नावं मिळाली की दुसरा दस्तऐवज येतो: बिल ऑफ मटेरियल, कारखान्याच्या भाषेत बीओएम. अमुक एक बनवायला काय काय आणि किती लागतं त्याची पायरीपायरीची यादी. डबल रोलर जिन या यंत्राचं उदाहरण घेऊ. आदिलाबादहून ४४ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाने उत्तरेला सुमारे २०० किलोमीटर गेलं की नागपूर, आणि नागपूर हे ही यंत्रं बनवणारं मोठं गाव. यंत्राचं तत्त्व फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये काढलं: खरबरीत रूळ कापसाचे तंतू ओढतो, त्याला चिकटून बसलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि हलती सुरी तिला ठोसून सोडवते. आपल्याकडच्या यंत्रात असे दोन रूळ. प्रत्येक रूळ म्हणजे पोलादी दांड्यावर दाबून बसवलेल्या चामड्याच्या चकत्यांची माळ. म्हणजे बीओएमच्या वरच्या पायरीवर जिन, खाली दोन रूळ, त्याखाली दांडा आणि चकत्या.

एका जिनिंगमध्ये समजा अशी २४ यंत्रं आहेत आणि एका रुळाला ६० चकत्या लागतात. हंगामाआधी सगळे रूळ नव्याने भरायचे तर चकत्या किती? २४ गुणिले २ गुणिले ६०, म्हणजे २,८८०. हा हिशेब पोरकट वाटतो, पण विसाव्या शतकाचा निम्मा भाग उलटेपर्यंत मोठमोठे कारखाने तो करत नव्हते. ते प्रत्येक सुट्या भागाचा मागच्या खपावरून वेगळा अंदाज बांधायचे आणि साठा अमुक पातळीखाली गेला की मागवायचे. जोसेफ ऑर्लिकी हे जे. आय. केस या अमेरिकन ट्रॅक्टर कंपनीत होते. त्यांनी आणि त्यांच्या पिढीतल्या काहींनी दाखवलं की अंदाज फक्त ट्रॅक्टरच्या मागणीचा बांधावा. चाकांचा बांधू नये, ती मोजावीत. ट्रॅक्टर किती हे ठरलं की चाकं आपोआप ठरतात. १९७५ साली आलेलं त्यांचं पुस्तक या विद्येचा पाया मानलं जातं.

गुणाकाराला कागद पुरेना तेव्हा संगणक आला. अपोलो मोहिमेच्या यानांतल्या लाखो भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांबरोबर एक माहितीसाठा उभारला. आयएमएस हे त्याचं नाव. १९६८ मध्ये तो चालू झाला. बीओएम वरून खाली झाडासारखी फुटत जाते, तशीच त्याची रचना होती. पण झाडात एक अडचण आहे. तोच बोल्ट दहा फांद्यांवर सापडतो. 'या यंत्रात काय काय आहे' याचं उत्तर झाड पटकन देतं. 'हा बोल्ट कुठे कुठे आहे' विचारलं तर प्रत्येक फांदी चढून बघायला लावतं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये ज्या निबंधात तक्त्यांच्या स्वरूपातल्या माहितीसाठ्याची कल्पना मांडली, त्यातली उदाहरणं भाग, पुरवठादार आणि प्रकल्प यांचीच आहेत. एका तक्त्याला तीनच रकाने: भाग, भाग, संख्या. हा इतक्यांदा त्यात जातो. उजवीकडून वाचा की डावीकडून, दोन्ही प्रश्नांना तोच तक्ता पुरतो. आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत जे तक्ते चालतात, त्यांच्या जन्मपत्रिकेत नट-बोल्ट आहेत, ही गोष्ट मला फार आवडते.

'कुठे कुठे आहे' हा प्रश्न जिनिंगमध्ये कधी पडतो? चकती बदलते तेव्हा. चामडं क्रोम वापरून कमावलेलं असतं, रूळ झिजला की त्याची धूळ रुईत मिसळते आणि क्रोमियम धाग्यापर्यंत पोहोचतं. मुंबईच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेने त्यावर रबर चढवलेल्या सुती कापडाच्या, क्रोम नसलेल्या रुळांचा पर्याय काढला. आता स्टोअरपुढे प्रश्न: नव्या चकतीला जुनाच कोड चालेल का? नियम असा सांगतात की आकार, बसणं आणि काम तिन्ही सारखं असेल तर कोड तोच ठेवा, फक्त आवृत्ती वाढवा. दांड्यावर ती बसते, कापूसही रेचते. मग कोड तोच? माझ्या मते नाही. क्रोम नको म्हणणारं गिऱ्हाईक असेल तर जुनी चकती नव्याच्या जागी चालणार नाही. उलट मात्र चालेल. अदलाबदल एकाच दिशेने होत असेल तर वस्तू दोन आहेत आणि कोडही दोन हवेत. हे संगणक सांगत नाही. फिटर आणि माल विकणारा यांना एका बाकावर बसवून विचारावं लागतं.

बदलाची तारीखही यादीत लागते. ईआरपीनेक्स्टमध्ये एकदा मंजूर केलेली बीओएम बदलता येत नाही. नवी काढावी लागते आणि ती शेवटी ००२, ००३ असा आकडा लावून जन्मते. जुन्या कामाला जुनी, नव्याला नवी. मागच्या हंगामात रुळात काय बसवलं होतं, हे दोन वर्षांनी विचारणारा कुणीतरी निघतोच.

इथवर सगळं पुस्तकात असतं तसं झालं. बीओएम समजावताना सगळे पुरणपोळीची कृती सांगतात: डाळ, गूळ, कणीक, अनेकातून एक. जिनिंगमध्ये ती कृती उलटी होते. आत एकच वस्तू येते आणि बाहेर अनेक जातात. १०० क्विंटल कापूस घातला आणि रुईचा उतारा ३४ टक्के पडला, तर ३,४०० किलो रुई, म्हणजे बरोब्बर २० गाठी. सुमारे ६४ क्विंटल सरकी. राहिलेले २ क्विंटल कचरा आणि उडून गेलेलं पाणी. झाड इथे मुळं वर करून उभं राहतं. दूध संघात, तेलघाणीत, भाताच्या गिरणीत हेच घडतं. पण बहुतेक सॉफ्टवेअर मोटारी जोडणाऱ्यांच्या डोक्यातून उतरलेलं असल्यामुळे हा प्रकार त्यात पाहुण्यासारखा एका कोपऱ्यात असतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बीओएम भरताना वस्तूला घटक, सहउत्पादन, उपउत्पादन किंवा भंगार असा प्रकार लावता येतो. हिशेबनीस ती खूण बहुधा विचार न करता करतो. पण पैसा तिच्यावरच हलतो.

कसा, ते बघा. कापसासाठी मोजलेला रुपया रुईच्या आणि सरकीच्या माथी कसा वाटायचा? वजनाने वाटला तर दोन तृतीयांश खर्च सरकीवर पडतो आणि रुई फुकटच्या मोलाची दिसते. विक्रीच्या किमतीने वाटला तर सरकी आणि पेंडीचा बाजार हलला की गाठीचा खर्च हलतो, जिनमध्ये काहीही बदललेलं नसताना. सरकीला नुसतं उपउत्पादन म्हणून तिचे पैसे खर्चातून वजा केले तर तिसराच आकडा येतो. तिन्ही हिशेब बरोबर आहेत. बँकेला एक दाखवायचा आणि सौदा दुसऱ्यावर करायचा, असं मात्र करू नये.

आणि उतारा? तो ३४ हाच आकडा यादीत एकदा लिहून ठेवता येत नाही. पहिल्या वेचणीचा कापूस आणि हंगामाच्या अखेरीची फरदड यांचा उतारा एक नसतो. दिवसाला १,००० क्विंटल रेचणाऱ्या जिनिंगमध्ये ३४ ऐवजी ३३ टक्के पडला तर २०० गाठींच्या जागी १९४ होतात. सहा गाठी कुठे गेल्या, असा प्रश्न संगणक रोज संध्याकाळी विचारतो. चोरी झाली, वजनकाटा बिघडला की यादीतलाच आकडा शिळा? त्यात पाण्याचा वाटा वेगळा. १२ टक्के ओलाव्याचा कापूस ढिगात सुकून ८ टक्क्यांवर आला तर १०० क्विंटलमागे सुमारे ४ क्विंटल हवेत जातात. यार्डात ज्या चार टक्क्यांवरून शेतकरी आणि खरेदीदार दरसाल हमरीतुमरीवर येतात, ते हेच. जुने मुनीम 'घट' नावाचा एक रकाना वहीत ठेवत. सॉफ्टवेअरने त्याला इंग्रजी नाव दिलं एवढंच. तरी नवी यादी बनवताना तोच रकाना सर्वांत आधी रिकामा सुटतो, कारण घट कुणाच्या हातात येत नाही.

हातात न येणाऱ्या वस्तूंचा विषय निघाला म्हणून उशेगावची आठवण. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि हे गाव कोमरम भीम आसिफाबादकडे गेलं. पण तिथल्या ओझा कारागिरांच्या ओतकामाला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन 'आदिलाबाद डोकरा' याच नावाने आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या दोऱ्या गुंडाळून मूर्ती घडते, वरून मातीचा लेप बसतो, भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पितळ शिरतं. तयार मूर्तीत मेणाचा कणही नाही, तरी यादीत पहिलं नाव मेणाचंच हवं. शिवाय प्रत्येक मूर्ती वेगळी, मग प्रत्येकीची बीओएम वेगळी लिहायची? गरज नाही. मेण तोलायचं आणि पटीने धातू घ्यायचा. पितळ मेणाच्या साधारण नऊपट जड, तेव्हा पट तेवढीच, वर वाया जाणाऱ्यासाठी थोडं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लासा'त या पटी नोंदलेल्या आहेत: चांदी मेणाच्या बारापट, सोनं सोळापट. ही सूत्राची बीओएम झाली. रंग, औषधं, खतं बनवणारे आजही तशीच वापरतात.

यादी किती बरोबर असावी? उत्पादन नियोजनाचे जुने सल्लागार ऑलिव्हर वाइट यांच्या पद्धतीत अव्वल कारखान्याच्या बीओएम ९८ टक्के अचूक लागतात. ९८ ऐकायला भरपूर वाटतं. पण जोडणीत २० ओळी असतील आणि प्रत्येक ओळ बरोबर असण्याची शक्यता ९८ टक्के असेल, तर वीसच्या वीस बरोबर असण्याची शक्यता ६७ टक्क्यांच्या आत येते. तीन जोडण्यांपैकी एकीत काहीतरी कमी किंवा चुकीचं, आणि ते कळणार फिटर हात पुढे करेल तेव्हा. म्हणून यादी तपासायची ती ऑफिसात बसून नव्हे. यंत्र उघडलं जातं त्या दिवशी, उन्हाळ्याच्या दुरुस्तीत, छापील कागद घेऊन त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि फिटर जे काढतो त्यावर खूण करत जायचं. यादीत नसलेली एक शिम निघतेच. ती कुणी, कधी, का टाकली ते त्यालाच ठाऊक असतं, आणि तो तिला पत्तीच म्हणतो. नोंदीत 'स्थानिक नाव' असा रकाना ठेवावा आणि त्यात पत्ती लिहावं. शोधाच्या चौकटीत उद्या तोच शब्द टाइप होणार आहे.

शेवटची एक खोडी. बीओएममध्ये कोणतीही वस्तू फिरून स्वतःच्याच पोटात येता कामा नये, नाहीतर गुणाकार कधी संपणार नाही. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर असं चक्र दिसलं की नोंद नाकारतं. कापसातून सरकी निघते ही ओळ ते मुकाट्याने घेतं. सरकीतून कापूस होतो असं पुढे लिहिलं की लाल अक्षरांत अडतं. दोन पिढ्यांमागे ते चुकलं असतं: जिनिंगमधली सरकी आषाढात पुन्हा वावरात जायची. आता संकरित बियाणं दरसाल पाकिटातून येतं, दुकानातून, वेगळ्या कोडाने, आणि जिनिंगची सरकी घाण्याला जाते.